बिल्ला नंबर सात

बारा शेळ्या. चार जवसाच्या तेलावर, चार करडईच्या,
आणि चार कोरड्या.
विज्ञानाला अशा चार लागतातच
ज्यांच्या वाट्याला काही येत नाही.

तेल शालिकरामजींच्या लाकडी घाण्यावरचं.
"एवढं जवस कोनाले खाऊ घालता, मॅडम?"
"शेळ्यांना."
त्यांनी डबा भरला, मग पावभर वरून ओतलं,
पैसे न घेता,
माझ्याकडे जरा काळजीनं बघत.

गुंफाबाई कोडापेच्या कोठ्यात
सकाळी सहाला मी तीस मिली मोजायची
मक्याच्या भरड्यावर.
आठ जणींच्या थुतऱ्या उन्हात चमकायच्या.
चौघींच्या नाही.

तिला सोपं करून सांगितलं होतं:
जवसाची चरबी वाकडी असते, विळ्यासारखी.
शेळीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी बारीक जीव
हातोडे घेऊन बसलेले,
येईल तो विळा ठोकून सरळ करतात.
निसटतील तेवढेच दुधात उतरतात.
ते मोजायला आलेय मी.
ती म्हणाली, "म्हंजे लोहाराले चुकवून आलेले?"
हो. लोहाराला चुकवून.

चाळीस दिवस.
थर्माकोलचा डबा, बर्फ, बारा बाटल्या, नागपूरची एसटी.
कंडक्टरनं दोनदा डब्याचं तिकीट मागितलं.

यंत्र चरबीची वाफ करून लांब नळीतून पळवतं.
जी ती आपल्या वेळेला बाहेर पडते,
कागदावर एक शेंडा उठवून.
आधी लहान, उग्र वासाच्या,
ज्यांची शास्त्रातली नावंसुद्धा शेळीवरून पडलीत.
मग जड, थंडीत गोठणाऱ्या.
आणि एकविसाव्या मिनिटाला विळा.

जवसाच्या चौघींचा उंच.
करडईवाल्यांचा ठेंगणा.
कोरड्यांचा जेमतेम,
एक सोडून.

नंबर सात. पिवळा बिल्ला, डावा कान फाटका.
वहीत माझ्याच अक्षरात: तेल नाही.
आणि कागदावर टेकडीच्या टेकडी.

नळी धुतली. पुन्हा चालवलं.
टेकडी.

पुढच्या खेपेला काही विचारलं नाही मी,
फक्त कागद खाटेवर पसरला.
गुंफाबाईला वाचता येत नाही.
तिनं बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"सांगलन का दुधानं?"

मग थोडी चिडूनच:
"डब्यातलं नाही घेतलं तुह्या. माह्या भाजीतलं होतं,
पळीभर, बस.
तिच्यापुढं बाकीच्या चाटत राहेत
अन् थे माह्याकडं पाहे."

मी म्हटलं, मावशी, कोणाला द्यायचं, कोणाला नाही,
ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं.
"चिठ्ठी तू काढली, बाई.
पाहे थे माह्याकडं."

कोठ्यात कुणीतरी लेंड्या टाकल्या.
ती कागदावरच बघत होती अजून.
"मानसाचं बी असंच राह्यते?"
"बरंचसं."
"मंग रामकला अंगावर पेत होती तवा..."
बोटं मोडत तिनं मोजलं:
मोहफुलं, लाखोळी, अंबाडीची भाजी.
तेल दिव्यापुरतं.
"माह्या दुधात कोनता शेंडा निघाला असता?"

हे परीक्षेत मला कुणी विचारलं नव्हतं.
मी कागदाच्या डाव्या कडेला बोट ठेवलं.
हे लहान लहान. जास्त करून हे.
बाहेरून काही आलं नाही, की अंग स्वतःच घडवतं यांना,
जे असेल त्यातून, तिथल्या तिथे.

"हं," म्हणाली,
आणि उठून सातचा दावा सोडवायला गेली.

प्रबंधात पान एकशे चौदा, तळाला, बारीक अक्षरात:
शेळी क्र. ७ वगळली.
सरांनी लाल पेननं विचारलं, कारण?
मी लिहिलं, मात्रा पाळली गेली नाही.

त्या दिवशी निघताना तिनं चहा दिला होता,
सातच्याच दुधाचा.
शेळीचा वास जवळपास नव्हताच.
याची मात्र कुठे नोंद नाही.